लीड नर्चरिंगच्या मेलचे चार्ट समजून घेताना: कामाच्या नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२४

आमची पुण्यातली नऊ जणांची कंपनी. हाउसिंग सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर बसवतो. चौकशी करणारा माणूस बहुतेक वेळा सोसायटीचा सेक्रेटरी किंवा कमिटी मेंबर असतो आणि त्याला एकट्याला काहीच ठरवता येत नाही. आधी कमिटी, मग सभा, मग ठराव. यात महिने जातात. तोवर आपली आठवण राहावी आणि त्याच्या हाताला उपयोगी कागद लागावेत, म्हणून मार्चपासून सहा मेलची मालिका लावली आहे. यालाच लीड नर्चरिंग म्हणतात. चौकशी आली त्या दिवशी पहिला मेल, मग ४, १०, १८, २८ आणि ४०व्या दिवशी पुढचे. साइट व्हिजिट ठरली की माणूस मालिकेतून आपोआप बाहेर पडतो.

हे मेल पाठवणाऱ्या आणि त्यांचे चार्ट काढणाऱ्या टूलचे महिन्याला ४,२०० रुपये जातात. चार महिने चार्ट तयार होत होते आणि सोमवारच्या मीटिंगला स्क्रीनवर लागत होते, पण एकेक आकडा कुठून येतो हे कुणी तपासलं नव्हतं. ते काम जुलैत माझ्याकडे आलं. असंच काम दुसऱ्या कुणाकडे आलं तर त्याचे आठवडे वाचावेत, म्हणून या नोंदी.

१० जुलै

सुरुवात फनेलच्या चार्टपासून, म्हणजे कितवा मेल किती जणांना गेला ते दाखवणाऱ्या चार्टपासून. पहिला मेल ४१२ जणांना, सहावा १४३ जणांना. मधल्या पट्ट्या पायरीपायरीने लहान होत गेलेल्या. सरांचं म्हणणं, "पासष्ट टक्के लोक कंटाळून जातायत, मालिका तीन मेलची करून टाक."

मी ४१२ नावं एक्सेलमध्ये उतरवली आणि प्रत्येकासमोर चौकशीची तारीख लिहिली. १७१ जण गेल्या ४० दिवसांतले निघाले. त्यांच्यापर्यंत सहावा मेल जाणं शक्यच नव्हतं, त्यांचा दिवसच उजाडला नव्हता. जूनमध्ये गूगलवर जाहिरात सुरू केल्यापासून चौकश्या वाढल्या, म्हणून हा आकडा इतका मोठा. म्हणजे जाहिरात जितकी चालेल तितका हा फनेल खाली निमुळता दिसणार.

ज्यांचे ४० दिवस पूर्ण झाले असे २४१. त्यातल्या १४३ जणांना सहावा मेल मिळाला. उरले ९८. त्यात ४१ जणांची साइट व्हिजिट ठरली म्हणून ते बाहेर पडले, म्हणजे आमचं काम झालेले लोक चार्टमध्ये गळती म्हणून दिसत होते. ३५ जणांचे पत्ते चुकीचे होते. खरोखर मेल बंद केलेले २२ (या २२ मध्येही घोळ होता, तो ५ ऑगस्टच्या नोंदीत).

हे ३५ चुकीचे पत्ते जवळजवळ सगळे एप्रिलच्या प्रदर्शनातले. स्टॉलवर लोकांनी हाताने फॉर्म भरले आणि नंतर आम्ही ते टाइप केले. कुठे 'जीमेल'चं 'जीमाल' झालंय, कुठे 'डॉट कॉम'चा शेवट राहिलाय. फॉर्मचे कागद जपून ठेवले होते म्हणून त्यातले १९ दुरुस्त झाले. वेळ: साडेचार तास. मालिका सहाचीच राहिली.

१५ जुलै

ओपन रेट, म्हणजे मेल पोचलेल्यांपैकी किती टक्के लोकांनी तो उघडला. चार्टच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात ६६ टक्के, आणि आम्ही तो आकडा मीटिंगमध्ये अभिमानाने सांगत आलो होतो.

पहिली गोष्ट सरासरीची. टूलमध्ये पहिल्या मेलच्या दोन नोंदी होत्या. एक आम्ही ऑफिसातल्या आणि ओळखीच्या ९ जणांना पाठवलेली चाचणी; त्यातल्या ७ जणांनी उघडला, म्हणजे ७८ टक्के. दुसरी खरी, ३७१ जणांना पोचलेली, २०४ जणांनी उघडलेली, ५५ टक्के. टूल या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढत होतं. नऊ माणसांचं वजन ३७१ माणसांइतकं! चाचणीची नोंद काढून टाकली, ५५ टक्के राहिले.

दुसरी गोष्ट ॲपलची. मेल उघडला की त्यातलं एका ठिपक्याएवढं अदृश्य चित्र सर्व्हरवरून मागवलं जातं आणि त्यावरून 'ओपन' मोजतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनचं आयओएस १५ आलं तेव्हापासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची सोय चालू केलेली असेल, तर ही चित्रं ॲपलचे सर्व्हर आधीच उतरवून ठेवतात. माणसाने मेल पाहिलेलाही नसतो. आमच्या टूलमध्ये अशा ओपनसाठी वेगळा फिल्टर आहे, तो कुणी लावलाच नव्हता. लावल्यावर ६७ ओपन असे निघाले.

इथे माझी एक चूक झाली. मी २०४ मधून ६७ वजा केले आणि १३७ ला ३७१ ने भागलं. आले ३७ टक्के. दोन दिवस सगळे चिंतेत. मग लक्षात आलं की हे ६७ जण खालच्या ३७१ मधूनही वजा व्हायला हवेत. त्यांनी मेल वाचला की नाही हे कळतच नाही, मग त्यांना 'न वाचणारे' धरून कसं चालेल? १३७ भागिले ३०४, ४५ टक्के.

६६, ५५, ३७, ४५. एकाच मेलचे चार आकडे. यापुढे ओपन रेट मीटिंगमध्ये सांगायचा नाही असं ठरवलं. तो फक्त आमच्याच आधीच्या मेलशी ताडून पाहायला वापरायचा.

१९ जुलै

लोक कुठल्या वेळी मेल उघडतात याचा रंगीत तक्ता पाहिला. संध्याकाळी ५ च्या चौकोनाचा रंग सगळ्यात गडद. ऑफिस सुटायच्या वेळी वाचत असतील, असा अर्थ लावून पाठवण्याची वेळ सकाळी ९ वरून दुपारी ४:३० केली. (हे चुकलं. ९ ऑगस्ट पाहा.)

२४ जुलै

चौथा मेल. कामं झालेल्या एका सोसायटीची पूर्ण हकीकत, वीजबिल आधीचं आणि नंतरचं. आम्हा सगळ्यांचा आवडता मेल, आणि चार्टमध्ये सगळ्यात पडलेला. ॲपलवाले बाजूला काढल्यावर १९५ जण, उघडणारे ४७, म्हणजे २४ टक्के. मेल बदलायचा असं जवळजवळ ठरलं होतं.

पण क्लिक १६ होते. उघडणाऱ्यांच्या ३४ टक्के! बाकीच्या मेलमध्ये हे प्रमाण १० ते १५ असतं (दुसरा मेल सोडून, त्याचं गौडबंगाल वेगळं). कमी लोक उघडतात आणि उघडणाऱ्यांतला प्रत्येक तिसरा क्लिक करतो, हे पटेना. सोळा नावं एकेक करून पाहिली. ७ जणांसमोर क्लिक होता, पण ओपन नव्हता. मेल न उघडता क्लिक करता येत नाही. आउटलुकसारखं चित्रं अडवणारं ॲप असेल तर असं दिसू शकतं, पण सातही पत्ते जीमेलचे होते.

मी तो मेल स्वतःच्या जीमेलवर मागवला आणि शेवटपर्यंत गेले. शेवट नव्हताच. मेल मध्येच तुटलेला आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा'. मेलचा कोड १०२ केबीच्या वर गेला की जीमेल उरलेला भाग कापून ठेवतं. ओपन मोजणारं चित्र असतं मेलच्या अगदी तळाशी, म्हणजे कापलेल्या भागात.

आमचा कोड १३१ केबी होता. मजकूर वर्डमधून थेट चिकटवलेला, त्यामुळे प्रत्येक वाक्याभोवती वर्डचा नको असलेला पसारा. फोटोंचं वजन यात धरलं जात नाही, ते बाहेरून येतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: यूटीएफ-८ मध्ये (संगणकाची अक्षरं साठवायची पद्धत) इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'कि' लिहायला क आणि वेलांटी मिळून सहा. आपला मेल त्यामुळे लवकर जड होतो.

मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाकून साफ केला आणि पुन्हा बसवला. ४१ केबी. एक शब्दही बदलला नाही. पुढच्या आठवड्यापासून या मेलचा ओपन रेट बाकीच्यांच्या रांगेत आला. चांगला मेल मोजण्याच्या दोषापायी टाकून देणार होतो, याची हुरहूर अजून आहे.

१ ऑगस्ट

दुसरा मेल. यात सभेपुढे मांडायच्या ठरावाचा मसुदा वर्ड फाइलमध्ये दिला आहे. ३० जूनपर्यंत आलेल्या लोकांपैकी ३२२ जणांना पोचला, ६१ जणांनी क्लिक केलं. १९ टक्के, बाकी मेलच्या दुपटीहून जास्त. टूल क्लिक करणाऱ्याला जास्त गुण देतं, म्हणून आमचे सेल्सवाले आधी यांनाच फोन करत होते. त्यांची तक्रार अशी की हे लोक "कुठला मेल?" असं विचारतात.

क्लिकची वेळ सेकंदांपर्यंत काढली. २६ जणांनी मेल पोचल्यापासून १० सेकंदांच्या आत पाचच्या पाच लिंक दाबलेल्या. सगळ्यात खालची खासगीपणाच्या धोरणाची लिंकसुद्धा. माणूस असं करत नाही. सगळे पत्ते ऑफिसचे: आयटी कंपन्या, बँका. अशा ठिकाणी मेल माणसाच्या हाती पडण्याआधी सुरक्षेचं सॉफ्टवेअर त्यातल्या लिंक स्वतः उघडून तपासतं. इतर मेलमध्येही असे क्लिक थोडे होते. या मेलमध्ये एवढे जास्त होते ते बहुधा डाउनलोडच्या फाइलमुळे.

आधी मी हे २६ जण सरळ वगळले. मग त्यांच्या पुढच्या नोंदी पाहिल्या, तर ६ जणांनी काही तासांनी फक्त मसुद्याची लिंक उघडली होती. ते खरे. म्हणून नियम असा केला: क्लिक वगळायचा, माणूस वगळायचा नाही. ३५ अधिक ६, म्हणजे ४१ जण. ३२२ पैकी १३ टक्क्यांच्या आसपास.

यंत्रांना पकडायला माणसाला न दिसणारी एक लिंक मेलमध्ये घालून पाहिली होती. दोन दिवसांत काढली. लपवलेली लिंक स्पॅमवालेही घालतात, आणि आपला मेल त्यांच्यासारखा दिसायला नको. वेळेचा नियम पुरतो.

५ ऑगस्ट

काल रात्री विचार आला: ते सॉफ्टवेअर पाचही लिंक दाबतं, तर 'मेल बंद करा' ही लिंकही दाबत असणार. आमच्याकडे ती लिंक उघडताच माणूस यादीतून निघत होता, पुढे काही विचारणा नव्हती.

बंद केलेल्या २२ जणांच्या वेळा पाहिल्या. ९ जण मेल पोचताच काही सेकंदांत बंद झालेले. नऊही जणांना मी स्वतः फोन केले. बाणेरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो मॅडम, मी कशाला बंद करू? उलट मीच म्हणतोय, तुमचे मेल यायचे का थांबले." त्यांच्या कमिटीने तोवर दुसऱ्याचं कोटेशन मागवलं होतं. आठ जणांनी पुन्हा सुरू करा म्हणून सांगितलं. एकाला खरंच नको होतं, त्यांची माफी मागितली. विचारल्याशिवाय कुणालाही परत यादीत घालायचं नाही, यंत्राची चूक असली तरी.

दुरुस्ती: लिंक आता एका पानावर नेते आणि तिथे बटण दाबावं लागतं. जीमेल आणि याहू फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांकडून एका क्लिकमध्ये बंद करण्याची सोय मागतात. ती मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या पण मजकुरात न दिसणाऱ्या माहितीत असते आणि नुसती लिंक उघडून चालू होत नाही, म्हणून तपासणाऱ्या यंत्रांपासून सुरक्षित. जीमेलचा तो नियम दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांसाठी आहे, आम्हाला लागू नाही, तरी ती सोय चालू केली.

९ ऑगस्ट

आज एका सेक्रेटरींचं उत्तर आलं, रात्री १०:४० ला. टूलमध्ये त्यांच्या क्लिकची वेळ १७:१०. बरोबर साडेपाच तासांचा फरक.

टूलचं घड्याळ यूटीसीवर होतं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर. संध्याकाळी ५ चा गडद चौकोन म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेदहा. आता उघड वाटतं: नोकरी करून सोसायटीचं काम बघणारा माणूस जेवणं उरकल्यावरच या मेलकडे वळणार. मी १९ जुलैला वेळ बदलून तीन आठवडे मेल भर दुपारी पाठवले, ऑफिसच्या गर्दीत.

खात्याच्या सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडली. पण जुने चार्ट त्याने बदलत नाहीत. जुना डेटा उतरवून त्यात साडेपाच तास मिळवावे लागले. मेल आता रात्री ९ ला जातात. याने फरक पडला का, ते इतक्या थोड्या माणसांवरून सांगणार नाही.

१४ ऑगस्ट

सिंहगड रोडच्या एका सोसायटीच्या नावावर एकाच लिंकवर २३ क्लिक. यंत्र समजून वगळणार होते, पण क्लिक दोन दिवसांत पसरलेले आणि सगळे मोबाइलवरून. फोन केला. सेक्रेटरी काकांनी ठरावाच्या मसुद्याची लिंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती.

आमचा मुख्य चार्ट 'युनिक क्लिक' दाखवतो, म्हणजे एका माणसाचे कितीही क्लिक झाले तरी एकच. तिथे ही सोसायटी आणि सहज क्लिक करून विसरलेला माणूस सारखेच दिसतात. आमच्या धंद्यात मात्र २३ क्लिक म्हणजे अख्खी इमारत बोलायला लागली. एकूण क्लिकचा वेगळा रकाना केला: एका नावावर ८ पेक्षा जास्त, वेगवेगळ्या वेळी. अशा ११ सोसायट्या सापडल्या. मार्चपासूनच्या सगळ्या चार्टमधून मिळालेली सर्वांत मोलाची यादी हीच, आणि ती कुठल्याच चार्टमध्ये नव्हती.

याचा एक तोटाही दिसला. मेल जसाच्या तसा पुढे पाठवला आणि दुसऱ्या मेंबरने 'बंद करा' दाबलं, तर नाव सेक्रेटरीचं कटतं. म्हणून त्या पानावर आता कुणाचा पत्ता बंद होतोय ते लिहून येतं.

२० ऑगस्ट

ऑगस्टमध्ये दुसऱ्या मेलची रेघ वर चढली. विषयाची ओळ नुकतीच बदलली होती, म्हणून तिचंच यश असं सगळ्यांना वाटलं. मला कारण वेगळं दिसतं. महाराष्ट्रात सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभेची नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत विषयपत्रिकेत सोलर आलं नाही, तर गोष्ट बहुधा वर्षभर पुढे गेली. शिवाय यंदा ७ ते १७ सप्टेंबर गणपती, त्या दिवसांत कमिटी दुसरं काही बघणार नाही.

म्हणून कोण मालिकेत कुठे आहे ते न पाहता, व्हिजिट न झालेल्या सगळ्यांना आज ठरावाचा मसुदा पाठवला. सोबत पीएम सूर्यघर योजनेतली सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठीची सबसिडी, किलोवॅटला १८,००० रुपये, एका ओळीत. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचं कॉमन मीटरचं बिल हाताशी घेऊन बसा, एवढंच सांगितलं.

३१ ऑगस्ट

महिन्याच्या चार्टमध्ये शेवटचे दोन महिने कायम पडलेले दिसतात. दर मीटिंगला तेच: "या महिन्यात काय बिघडलं?" बिघडलेलं काही नसतं. चौकशीनंतर व्हिजिट ठरायला आमच्याकडे अनेकदा कित्येक आठवडे लागतात. नव्या लोकांना तेवढे दिवस मिळालेलेच नसतात.

म्हणून ज्या महिन्यात चौकशी आली त्याप्रमाणे गट केले आणि प्रत्येकाला मोजून ६० दिवस दिले. मार्चचे ८१, व्हिजिट १४. एप्रिलचे ७६, व्हिजिट ९. मे, ८४ पैकी २१. जून, १२७ पैकी २९. टक्क्यांत १७, १२, २५, २३. जुलै या तक्त्यात नाही. त्याचे ६० दिवस सप्टेंबरअखेर भरतील, तोवर तो रकाना रिकामा.

एप्रिल कमी, कारण ते चुकीचे पत्ते. मे आणि जूनमधला फरक म्हणजे जेमतेम दोन सोसायट्या, त्यावर चर्चा नको असं मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं. सरांनी हा तक्ता छापून भिंतीवर लावला. जुना चार्ट आता लागत नाही.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, आज ऑफिसात निम्मेच लोक. शांतपणे श्रेयाचा चार्ट पाहिला, म्हणजे कुठल्या मेलमुळे व्हिजिट ठरली ते सांगणारा. व्हिजिटचं सगळ्यात जास्त श्रेय सहाव्या मेलला. तर्क असा निघतो की सहावा मेलच काम करतो, मग तोच आधी पाठवा. पण टूल शेवटच्या क्लिकला सगळं श्रेय देतं, आणि व्हिजिटचं बटण फक्त सहाव्या मेलमध्ये होतं. सहाव्या मेलवरून आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी त्याआधी ठरावाचा मसुदा उघडला होता. मसुद्यामुळेच ते आले असंही मी म्हणणार नाही. ज्या सोसायटीत सोलरचा विषय निघालाय ती दोन्ही करते. तरी त्यांना बटणासाठी ४० दिवस थांबवायचं कारण नाही. व्हिजिटचं बटण आजपासून दुसऱ्या मेलमध्येही.

५ ऑक्टोबर

सभा संपल्या. १४ ऑगस्टच्या यादीतल्या ११ सोसायट्यांना एकेक फोन केला. ७ ठिकाणी ठराव मंजूर. दोन ठिकाणी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर अडलं. एका ठिकाणी गणपूर्तीच झाली नाही. एकाने फोन उचलला नाही.

'ठराव मंजूर' असा रकाना टूलमध्ये नाही. मी हाताने तयार केला आहे आणि सात नावांसमोर तारखा घातल्या आहेत. आतापर्यंत या कामात माझे ४६ तास गेले. सिंहगड रोडच्या काकांच्या सोसायटीत रविवारी सकाळी दहाला गच्चीची मापं घ्यायची आहेत. वॉटरप्रूफिंगवाल्या दोघांसाठी सातवा मेल लिहायला घेतला आहे.